कोरं पान आणि डिंक लावायची बाजू

इरा आणि निमिष,

मागच्या महिन्यात तुम्ही दोघं रॉटरडॅमच्या घरात कपाट जोडत होता आणि मी इकडून चिखलीहून ते फोनवर बघत होते. मध्येच इराने कपाटाबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि हसत सुटली. पान कोरं होतं. मधोमध बारीक अक्षरांत इंग्रजीत एकच ओळ होती, मराठीत म्हणायचं तर: हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे.

"आजी, हे असलं लिहायला कोणी माणूस पगारावर ठेवत असेल का?" असं इराने विचारलं.

मी म्हटलं, "ठेवतात. मला ठेवलं होतं."

तेवढ्यात निमिषच्या हातून फळी सुटली, तुमची आई ओरडली आणि विषय तिथेच राहिला. तो पुरा करायला हे लिहिते आहे. आपल्या गावच्या दिवाळी अंकाचे संपादकही "बाई, नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणून दारात चपला झिजवून राहिले आहेत. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं असं त्यांना वाटतं. गावातल्या निम्म्या लोकांना तसंच वाटतं, कारण इंग्रजी शिकलेली बाई दुसरं काय करणार? तेव्हा एकाच स्वयंपाकात दोन पाहुण्यांचं जेवण उरकते. शिवाय ज्या पुस्तकावर मी इतकी वर्षं काम केलं, त्याची छापील प्रत यंदापासून बंद झाली. सगळं मोबाईलवर गेलं. आत्ता नाही लिहिलं, तर आजी नक्की काय करत होती हे तुम्हाला सांगायला कोणी उरणार नाही.

अमरावतीला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन चिखलीत आले. तुमचे आजोबा तेव्हा शाळेत गणित शिकवायचे. चिखली म्हणजे धान्याचा बाजार, कापसाच्या गाड्या, स्टँडवर जीपवाल्यांच्या आरोळ्या. इथे इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरचं वाचण्यापुरताच. पण मेहकर रस्त्याला मळणीयंत्रांचा एक लहानसा कारखाना होता. मळणीयंत्र म्हणजे थ्रेशर. कापलेल्या गव्हाच्या, हरभऱ्याच्या पेंढ्या वरून आत घातल्या की खालून दाणे वेगळे आणि मागून भुसा वेगळा. कारखान्याच्या मालकांना सगळे 'भाऊ' म्हणत. त्यांनी बाहेरून इंजिनं आणायला सुरुवात केली होती. इंजिनांबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तकं यायची आणि ती कोणाला वाचता येत नव्हती. भाऊंनी आजोबांना विचारलं, "सर, तुमच्या मिसेस इंग्रजी वाचतात म्हणे?"

अशी माझी नोकरी लागली. आधी मी इंजिनांची पुस्तकं वाचून मेकॅनिकला सांगायची. मग भाऊंच्या स्वतःच्या यंत्राचं पुस्तक लिहायला लागले. ते यंत्र चिखलीत तयार व्हायचं, वऱ्हाडात विकलं जायचं, आणि त्याच्याबरोबरचं पुस्तक मात्र इंग्रजीत. का, तर इंग्रजी पुस्तक असलं की माल भारी वाटतो.

मी भाऊंच्या मागे लागले की पुस्तक मराठीत करू. वर्षभर त्यांनी टाळलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे शैलाबाई, एक हंगाम देतो. लोकांनी वापरलं तर मराठी चालू ठेवू. नाहीतर आपलं इंग्रजी बरं आहे, निदान दिसायला तरी."

म्हणजे ते पुस्तक जगणार की जाणार, हे त्या एका हंगामावर ठरणार होतं.

आता जरा धंद्यातलं सांगते. एक मोठा कागद घ्या आणि त्याला तीन घड्या घाला. कडा कापल्या की सोळा पानं होतात. पंधरा होत नाहीत, सतराही होत नाहीत. पुस्तकं अशा घड्यांचीच बनतात. तुमचा मजकूर चौदा पानांत संपला तरी कागद तुम्हाला सोळा देतो, म्हणून कुठे ना कुठे पान कोरं राहतंच.

दुसरं म्हणजे यंत्राच्या पुस्तकात प्रत्येक नवं प्रकरण उजव्या हाताच्या पानावर सुरू करतात. पुस्तक उघडणाऱ्याच्या एका हाताला ग्रीस असतं आणि तो दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पानं फरफर सोडतो. तेव्हा नजर पडते ती उजव्या पानावर. आधीचं प्रकरण उजव्याच पानावर संपलं असेल, तर त्याच्या पाठीमागचं डावं पान कोरं सोडायचं.

तिसरं कारण आमचं स्वतःचं होतं. पुस्तकात सुरक्षिततेच्या नियमांचं एक पान होतं. आत हात घालू नका, पट्टा फिरत असताना हात लावू नका, गळ्यात उपरणं किंवा शेला लोंबता ठेवू नका. हे नियम आम्ही यंत्राच्या पत्र्यावर रंगाने लिहून पाहिले होते, पण भुशाच्या माऱ्यात पहिल्याच हंगामात ते घासून जायचे. म्हणून पेंढी घालायच्या तोंडाशी पत्र्याची एक चौकट बसवली. पुस्तकातलं नियमांचं पान कापायचं आणि डिंक लावून त्या चौकटीत चिकटवायचं. साहजिकच त्या पानाची मागची बाजू कोरी हवी. तिच्यावर काही छापलं, तर ते डिंकाखाली कायमचं गेलं.

इंग्रजी पुस्तकांत अशा पानावर ती इराची ओळ असायची. मी मराठीत लिहिली: हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे. कथा-कादंबरीत एखादं पान कोरं निघालं तर माणूस पुढचं उलटतो. यंत्राच्या पुस्तकात निघालं तर तो काम सोडून पान उलटसुलट करत बसतो. यंत्र बंद कसं करायचं ते याच पानावर असेल आणि छापायचं राहिलं असेल, तर? ती ओळ म्हणजे वाचणाऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला हात. घाबरू नको, तुझं काही हरवलेलं नाही.

भाऊंनी कच्ची प्रत वाचली आणि त्या ओळीवर थांबले. "कोऱ्या पानावर पान कोरं आहे म्हणून लिहायचं? बाई, आपल्याकडच्या लोकांना डोळे नाहीत का? हसतील आपल्याला." त्यांनी ओळीवर काट मारली. मालकाची काट ती.

पुस्तक छापायला गेलं उत्तमरावांकडे. चिखलीत बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांचे गॅदरिंगचे अंक, व्यापाऱ्यांची कॅलेंडरं. उत्तमराव शिशाच्या अक्षरांचा एक एक खिळा जुळवून मजकूर बांधत आणि बांधताना सगळा वाचत. त्यामुळे गावात कोणाचं लग्न कोणाशी हे त्यांना नवरीच्या मामाच्या आधी कळायचं. मी प्रूफं तपासून दिली आणि कोऱ्या पानावर बोट ठेवून म्हटलं, "हे असंच राहू द्या."

"राहू देतो न बाई," ते म्हणाले.

पुस्तकं बांधून आली. कव्हर निळं, नाव ठसठशीत. मी मधलं पान उघडलं. उजवीकडे सुरक्षिततेचे नियम अगदी सुबक. पान उलटलं, तर मागे पानभर गणपती. लग्नपत्रिकेवर असतो तोच, कमळावर बसलेला, दोन्हीकडे समया, खाली वेलबुट्टी.

मी पुस्तक घेऊन तशीच छापखान्यात गेले. "उत्तमराव, हे काय?"

उत्तमरावांचा चेहरा खुलला. "आवडलं न? मले मालूम होतं."

"मी म्हटलं होतं ना, हे पान कोरं राहू द्या."

"म्हटलं होतं. पन बाई, मी इचार केला, तुमचा मजकूर कमी पडला असन. नवीन मानूस हाय, पयलंच पुस्तक हाय, कोनाले सांगाले लाजत असन. इतकं चांगलं पुस्तक, अन् मधात असं उघडं पान? मी पत्रिकेची मांगची बाजूबी कोरी सोडत नाई. माह्या छापखान्याची इज्जत हाय का नाई?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "चित्राचा ब्लॉक माह्या घरचा हाय. बिलात नाई लावला."

माणसाने आपल्या जवळचं सगळ्यात चांगलं चित्र मला भेट दिलं होतं. आणि त्यांचंही बरोबर होतं. आपल्याकडे छापलेल्या कागदावर मोकळी जागा उरली की ती कोणीतरी भरतो. अंकाच्या कोपऱ्यात इंचभर जागा दिसली की तिथे शुभेच्छुक म्हणून कोणाचा तरी फोटो येतो. कोरं ठेवणं हेही एक काम असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारी ओळ आम्हीच काढून टाकली होती.

भाऊ हसले. "गणपती आहे, चांगलंच आहे. चिकटवल्यावर मागची बाजू दिसतेय कोणाला?" गव्हाचा हंगाम तोंडावर आला होता. यंत्रं गेली, पुस्तकंही गेली.

आणि मग वरवट बकाल गावाहून तक्रार आली की पट्टा घसरतो. भाऊ म्हणाले, "चला शैलाबाई, तुमचं पुस्तक कोणी उघडतं का तेही बघू." जीपमध्ये भाऊ, मी आणि आमचा मेकॅनिक दिगंबर असे तिघं निघालो. यंत्र तिथल्या सुखदेवराव नावाच्या शेतकऱ्याचं होतं. स्वतःची मळणी झाली की ते गावात भाड्याने फिरवत.

आम्ही पोचलो तेव्हा खळ्यावर काम जोरात होतं. भुशाचा धुरळा, इंजिनाचा फटफटाट, आणि यंत्राच्या तोंडाशी सुखदेवरावांचा धाकटा भाऊ रमेश पेंढ्या घालत उभा. त्याच्या गळ्यात शेला होता. एक टोक पाठीवर, दुसरं समोर लोंबतं. तो वाकला की ते टोक पेंढीबरोबर आत डोकावून यायचं.

माझा आवाज तसा लहान आहे. त्या दिवशी कुठून आला कोणास ठाऊक. मी "बंद करा" म्हणून ओरडले आणि दिगंबरने पळत जाऊन इंजिन थांबवलं. सगळे आमच्याकडे बघायला लागले. रमेश तर गोंधळलाच.

"काय झालं जी?" त्याने विचारलं.

"तो शेला आधी काढा गळ्यातला," मी म्हटलं. "नियम वाचले नाहीत का? तुमच्या डोळ्यांसमोरच्या चौकटीत लावले असतील."

"इथी कुठी नियम हायेत?" तो म्हणाला. "इथी त देव हाय."

आम्ही पुढे होऊन पाहिलं. चौकटीत उत्तमरावांचा गणपती. कपाळाला हळद-कुंकू, चौकटीला झेंडूची माळ, खाली उदबत्ती खोचायला मातीचा गोळा. नियम त्याच्या मागे, पत्र्याकडे तोंड करून, डिंकात पक्के बसलेले.

भाऊ हळूच म्हणाले, "सुखदेवराव, कागद उलटा लावला तुम्ही."

"उलटा कसा भाऊ? पुस्तकात लिवलं व्हतं, पान कापा अन् चिकटवा. चिकटवलं."

"अहो, नियमांची बाजू वर ठेवायची होती."

"अन् डिंक कुठी लावू मंग? देवाच्या तोंडाले?"

सुखदेवरावांची आई झाडाखाली दाणे पाखडत बसली होती. ती सूप ठेवून उठून आली. तिने आधी मला न्याहाळलं, मग भाऊंना.

"काऊन रे," ती भाऊंना म्हणाली, "तू मोठा मालक हायेस. तुह्या घरी देवाच्या तोंडाले डिंक लावून त्याले पत्र्याकडं फिरवते काय? लेकरानं बरोबर केलं. मीच सांगतलं त्याले तसं."

"नाही माय, चुकलं काही नाही," भाऊ म्हणाले. एवढ्या मोठ्या मालकाला मी पहिल्यांदाच असं मान खाली घालून बोलताना पाहिलं.

"देव राखते सगळ्याईले," म्हातारी म्हणाली.

तेव्हा दिगंबर म्हणाला, "राखते माय. पन शेल्याची गाठ पोट्ट्यालेच सोडा लागते."

म्हातारीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता याची धडगत नाही. पण ती रमेशकडे वळली आणि म्हणाली, "काढ बे तो शेला. मानसं चिखलीहून सांगाले आले, अन् तू गयात झुली घालून उभा."

रमेशने शेला काढून झाडावर टाकला. दिगंबरने पट्टा ताणून दिला. आम्हाला ताक मिळालं, ओल्या हरभऱ्याचे घाटे मिळाले. निघताना म्हातारीने मला विचारलं, "ते देवाचं चित्र तुवा काढलं का बाई?" मी म्हटलं, छापखान्यातल्या उत्तमरावांनी. "त्याले सांगजो, लय देखणं हाय."

परतीच्या वाटेवर अजून तीन ठिकाणी थांबलो. पहिल्या दोन्हीकडे चौकटीत गणपती, दोन्हीकडे हळद-कुंकू. तिसऱ्या ठिकाणी चौकट रिकामीच. त्या घरातल्या सुनेने कागद कापून देवघरात ठेवला होता. "डिंक कोणत्याच बाजूले लावा वाटेना," ती म्हणाली.

जीपमध्ये भाऊंनी पुस्तक उघडून तो गणपती पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "बाई, तुमचे नियम देवाच्या पाठीशी गेले. इंग्रजी पुस्तक असतं, तर हे झालं नसतं."

"तर कोणी पुस्तक उघडलंही नसतं, भाऊ."

"तेही खरंच म्हणा." मग जे मला नको होतं तेच बोलले. "पण उद्या कोणाचा हात गेला, तर त्याला मी काय सांगू? पुढच्या खेपेपासून इंग्रजीच देऊ. नियम दिगंबर तोंडी सांगेल."

दिगंबर पुढून म्हणाला, "भाऊ, मी किती गावाले सांगत फिरू? यंत्र दुरुस्त करू का कीर्तन करू?"

मी खिडकीबाहेर बघत होते. डोक्यात म्हातारीचं बोलणं फिरत होतं. देवाच्या तोंडाले डिंक. आणि माझ्या लक्षात आलं की तिने आम्हाला सगळं सांगून टाकलं होतं. या भागात तो कागद कोणत्या बाजूने चिकटणार हे आमच्या सूचनेवर ठरतच नव्हतं. ते देव कोणत्या बाजूला आहे त्यावर ठरत होतं.

"भाऊ," मी म्हटलं, "देवाची बाजू बदलू. गणपती नियमांच्या डोक्यावर लहानसा घालू. मग ती बाजू कोणी डिंकात घालणार नाही. मागची बाजू कोरी ठेवू, आणि माझी ओळ तिच्यावर घालू. नुसता कागद छापून सगळ्यांना पोचवू. हा हंगाम संपायच्या आत."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागले, ते जीप बुलढाण्याच्या फाट्याला लागेपर्यंत हसतच होते. "म्हणजे नियम देवाच्या पाठीमागून देवाच्या पायाशी," ते म्हणाले. "करा. पण ओळ नुसती नको. कोरं आहे ते दिसतंच. काय करायचं ते सांगा. डिंक याच बाजूला लावा म्हणावं."

ज्यांनी माझी ओळ काटली, त्यांनीच तिला शेपूट जोडलं. ते शेपूट माझ्या ओळीपेक्षा चांगलं होतं, हे तेव्हाही मान्य केलं होतं आणि आजही करते.

उत्तमराव आधी ऐकेचनात. गणपती लहान करायचा म्हणजे अपमान वाटला त्यांना. मी वरवट बकालच्या म्हातारीचा निरोप सांगितला. चित्र लय देखणं आहे, लोक त्याला हळद-कुंकू वाहतात. उत्तमरावांनी चष्मा काढून पुसला. मग लहान ब्लॉक शोधला, नियमांच्या वर बसवला, आणि मागच्या बाजूच्या ओळीचे खिळे जुळवायला बसले.

"बाई," जुळवता जुळवता म्हणाले, "जिंदगी गेली कोऱ्याचं भरलं करता करता. आज कोरं ठेवाले टाइप लावून राह्यलो."

छापून आलं ते असं: हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे. डिंक याच बाजूला लावावा.

ओळ मी मधोमध घातली. वर घातली तर खाली काहीतरी यायचं राहिलं असं वाटतं. खाली घातली तर वरचं पुसलं गेलं असं वाटतं. भोवती चौकट घालायची नाही, नाहीतर ती जाहिरात दिसते. पानाचा क्रमांक मात्र ठेवायचा, कारण क्रमांक नसला की लोक पान मोजत नाहीत आणि पुढचा हिशोब चुकतो. 'नोंदींसाठी जागा' असं लिहिलेलं पान वेगळं. ते कोरं नसतं, ते आधीच कोणाला तरी दिलेलं असतं.

कागद घेऊन मी आणि दिगंबर पुन्हा फिरलो. वरवट बकालला म्हातारीने कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मागे देव नाही याची खात्री केली, पुढे आहे याचीही. "आता लावा," म्हणाली. जुना गणपती काढायचा प्रश्नच नव्हता. नवा कागद चौकटीच्या शेजारी लागला. रमेशने स्वतः डिंक लावला आणि पहिला नियम मोठ्याने वाचून दाखवला. मला अजून त्याचा आवाज आठवतो, परीक्षेला उभा राहिल्यासारखा.

सगळीकडे मात्र हे चाललं नाही. मेहकरकडच्या एका गावात आमचं यंत्र एका गुरुजींनी घेतलं होतं. बौद्ध घर, समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. त्यांच्या चौकटीत पहिल्याच पुस्तकातला कागद लागला होता, नियमांची बाजू वर, अगदी सरळ रेषेत.

"गुरुजी, तुम्ही बरोबर लावलंत," मी म्हटलं.

"मला अडचण काय होती, मॅडम? आमच्या घरी गणपती बसत नाही. मी डिंक लावून मोकळा झालो." हसले. मग नवा कागद पाहिला आणि जरा गंभीर झाले. "पण आता तुम्ही चित्र नियमांच्या डोक्यावर घेतलंत. यंत्र सगळ्यांचं आहे. हात सगळ्यांचेच आहेत."

चहा झाला. त्यांच्या अंगणात गव्हाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. गुरुजींची बायको पेंढ्यांच्या कडेने गेली, ती वाटेत सांडलेली एक ओंबी उचलून, रचलेल्या पेंढीवर ठेवून. पायाखाली येऊ नये म्हणून. मी आणि गुरुजींनी ते एकाच वेळी पाहिलं.

"ही घाला," गुरुजी म्हणाले.

पुढच्या छपाईपासून नियमांच्या डोक्यावर गव्हाची ओंबी आली. ओंबीवर पाय देणारा माणूस आमच्या जिल्ह्यात मी पाहिला नाही. मग डिंक तरी कोण लावेल? उत्तमरावांनी ब्लॉक अकोल्याहून करून आणला आणि या खेपेला रीतसर बिलात लावला. "देव भेट देता येते," म्हणाले, "गहू इकत घ्या लागते."

मराठी पुस्तक राहिलं. त्या हंगामाच्या शेवटी भाऊंनी तसं काही जाहीर केलं नाही. फक्त पुढच्या वर्षीच्या ऑर्डरमध्ये इंग्रजी पुस्तकांसमोर रेघ मारली. मी घरी येऊन आजोबांना सांगितलं आणि आम्ही दोघांनी स्टँडसमोर जाऊन जिलबी खाल्ली. मग पंप आले, पेरणीयंत्रं आली, त्यांची पुस्तकं आली. प्रत्येक पुस्तकात प्रकरण उजवीकडे सुरू झालं, आणि जिथे पान कोरं राहिलं तिथे माझी ओळ राहिली. मी निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल दिली. दिगंबरने जाड कागदाचा एक मोठा कोरा तक्ता दिला, मधोमध त्याच्या हाताने लिहिलेलं: 'मॅडमची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे.' शालीपेक्षा तोच जपून ठेवला आहे.

आता शेवटचं. मागच्या वर्षी भाऊंची नात प्राजक्ता घरी आली. तीच आता कारखाना बघते. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, पण बोलते अजून इथलंच. म्हणाली, "आजी, पुस्तक आता फोनवर पाठवून राह्यलो आम्ही. पण एक घोटाळा झाला. तुमच्याशिवाय कोणाले विचारू?"

झालं असं की तिच्या माणसांनी फोनवरच्या पुस्तकातून सगळी कोरी पानं काढून टाकली. त्यांचंही चुकलं नव्हतं. पडद्यावर डावं-उजवं नसतं, घड्या नसतात. आणि कोरं पान आलं की लोकांना वाटतं नेट गेलं. एक शेतकरी म्हणे बांधावर फोन उंच धरून पान 'यायची' वाट बघत उभा होता. पण लोक ते पुस्तक झेरॉक्सच्या दुकानात नेतात आणि पाठपोट छापून घेतात. कोरं पान गेल्यामुळे नियमांच्या पाठीमागे पट्टा कसा ताणायचा तो तक्ता छापला गेला. लोकांनी नियम चौकटीत चिकटवले आणि तक्ता डिंकात गेला. ऐन सोयाबीनच्या हंगामात प्राजक्ताचा फोन थांबेना: पट्टा घसरतो, तक्ता कुठी हाय?

मी इतकी हसले की तिला वाटलं, माझं काही बिनसलं. मग तिला वरवट बकालची सगळी गोष्ट सांगितली. ही गोष्ट तिला तिच्या आजोबांनी कधी सांगितली नव्हती.

"म्हणजे आबांनीच आधी ती ओळ काटली होती?" ती म्हणाली.

"हो. आणि त्यांनीच ती पुरी केली."

आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो, मध्ये तिचा लॅपटॉप आणि शेवेची बशी. इतर सगळी कोरी पानं जाऊ दिली. ती कागदाच्या घड्यांची होती. घड्या गेल्या, ती गेली. त्यांचं मला थोडं वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासाठी पान ठेवत नाहीत. नियमांच्या पाठीमागचं पान तेवढं परत घातलं. ओळ मात्र बदलायला लागली, कारण आता वाचणारा दोन ठिकाणी असतो, बांधावर आणि झेरॉक्सच्या दुकानात. तीन वेळा लिहिली, तीन वेळा खोडली. शेवटचे शब्द प्राजक्ताचे आहेत.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. असलं लिहायला माणूस पगारावर ठेवतात, आणि लिहून झाल्यावरही त्याला परत बोलावतात.

छापील पुस्तक आता नाही. भाऊ नाहीत. उत्तमरावांच्या छापखान्यात त्यांचा मुलगा फ्लेक्स छापतो. वरवट बकालचं ते यंत्र भंगारात गेलं, पण चौकटीचा पत्रा सुखदेवरावांच्या सुनेने कापून ठेवून घेतला. गणपती आणि त्याच्या शेजारचे नियम दोन्ही त्यावर आहेत. आणि फोनवरच्या पुस्तकात नियमांच्या मागे अजून एक पान आहे. त्यावर मधोमध लिहिलेलं आहे: हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे. फोन बिघडलेला नाही. छापून घेतल्यास डिंक याच बाजूला लावावा.